अनूचा पैरा

त्या वर्षी आमच्या घरात कुणाच्याच ताटात धड भाकरी पडली नाही. भाकऱ्या भरपूर होत्या, पण पापुद्रा एकीलाही नसे. आई तव्यावरून भाकरी उतरवली की फुगलेला वरचा पातळ पापुद्रा बोटांनी अलगद सोलून घ्यायची आणि पितळीत वेगळा ठेवायची. तो अनूचा. अनू म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, पांढरा भात आणि साय काढलेलं दूध, एवढंच ती खायची. पापुद्र्याला आमटीचा एक थेंब जरी लागला तरी पितळी आडवी. अण्णा, म्हणजे माझे वडील, खर्ड्याबरोबर ती सोललेली, पांढरट भाकरी मुकाट्यानं खात आणि एखाद्या दिवशी म्हणत, "पापुद्रा नसला म्हंजे भाकरीला काय चव न्हाई बघ. पण पोरगी खाती, ते बरं हाय."

घरातले आवाजही तिच्यामुळेच बदलले होते. कुकरची शिट्टी झाली की अनू दोन्ही कान गच्च दाबून भिंतीला डोकं आपटायची, म्हणून कुकर माळ्यावर गेला आणि डाळ पुन्हा पातेल्यात शिजू लागली. मिक्सर कापडात बांधून ठेवला, पाटा-वरवंटा बाहेर आला. रेडिओ बंद. देवळातली आरती सुरू व्हायच्या आधी वहिनी तिला मागच्या खोलीत नेऊन मांडीवर दाबून धरायची. एकच आवाज अनूला आवडायचा, तो भाकरी थापायचा. आई काटवटीपाशी बसली की अनू कुठूनही यायची, चुलीपासून हातभर अंतरावर उकिडवी बसायची आणि आईच्या हाताकडे बघत राहायची. तोंडाकडे नाही, हाताकडे. शेवटची भाकरी तव्यावर पडली की उठून जायची. तेवढा वेळ आमच्या घरात कुणाच्याच मनावर ताण नसे.

आमचं गाव कुंडलच्या पुढं. मी रोज सकाळच्या एसटीनं सांगलीला कॉलेजला जायची. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. दादा बारावी नापास होऊन फौजेत गेला. आईला सही येते, पण तिला ती काढायला लागते, करता येत नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्यापेक्षा अण्णांनाच ते जास्त ठाऊक होतं. पारावर कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे, "धाकटी लास्ट इयरला हाय." 'लास्ट इयर' हे दोन शब्द त्यांनी मुद्दाम पाठ केले होते.

अनू बोलत नाही याचं गावात कुणालाच फार नवल वाटलं नव्हतं. "तिचा बाप तरी कुठं लवकर बोललावता?" असं म्हणून झालं. देवळातल्या घंटेत पाणी ओतून ते पाजून झालं. लोणंदहून वहिनीच्या आईनं कसलीशी मुळी पाठवली, ती मधात उगाळून झाली. पण अनू हाक मारल्यावर वळून बघायची नाही, ताटल्या फिरवत तासन् तास बसायची, कुणी उचललं की ताठ व्हायची. शेवटी दादा सुट्टीवर आला तेव्हा तिला सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी 'ऑटिझम' असं म्हटलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात शोधलं तेव्हा 'स्वमग्नता' हा शब्द सापडला. घरी येऊन आईला सांगितला. आई म्हणाली, "नाव चांगलं हाय. औषध किती दिवस?"

औषध नव्हतं. डॉक्टरांनी ज्या केंद्रात पाठवलं तिथल्या मंजिरीताईंनी ते आम्हाला नीट समजावलं. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. अनूबरोबर फरशीवर पालथ्या झोपल्या, ती ताटली फिरवत होती तशी दुसरी ताटली फिरवत राहिल्या आणि मध्येच थांबल्या. अनूनं त्यांच्या ताटलीकडं बघितलं. अर्धा क्षण असेल. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं उमटली. मग मंजिरीताई म्हणाल्या, "हे रोज करायला लागेल. दिवसाचे तीन-चार तास, कुणीतरी तिच्याजवळ खाली बसून. ती काय करतेय ते बघायचं, तिच्या खेळात शिरायचं, थांबायचं, तिची वाट बघायची. आणि एकट्या आईनं नाही. आईच थकली तर सगळंच थांबतं. शिवाय वेगवेगळी माणसं असली तर तिला माणसांची सवय होईल. तुम्हाला माणसं लागतील."

परतीच्या एसटीत आई खिडकीतून बाहेर बघत होती. तासगाव फाटा गेल्यावर म्हणाली, "माणसं लागतील म्हणल्या. गोळ्या म्हणल्या असत्या तर दुकानातनं आणल्या असत्या."

माणसं नव्हतीच. दादाची सुट्टी संपली. अण्णांचे गुडघे गेलेले, त्यांना खाली बसता यायचं नाही. आईवर रान आणि म्हशी. राहिली वहिनी, आणि संध्याकाळी सहाच्या एसटीनं येणारी मी. वहिनी दिवसभर सोप्यात फरशीवर बसून असायची. महिन्याभरात तिचे गाल बसले. कुणी शेजारीण "मी बसू का गं घटकाभर?" म्हणाली तर ती हसून "नको, झोपलीया" म्हणायची, आणि आत अनू टक्क जागी असायची. मी एकदा विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "उपकार घ्यायचे आन् मग जलमभर त्यांच्या तोंडाकडं बघायचं? आज बसतील, उद्या पाणवठ्यावर सांगतील, बिचारीचं नशीब फुटकं. मला न्हाई कुणाचं बिचारी व्हायचं."

मग मीच कॉलेज बुडवायला लागले. आधी सोमवार, मग सोमवार-मंगळवार. डिसेंबर संपता संपता परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली आणि मी मनाशी ठरवून टाकलं की या वर्षी बसायचं नाही. कुणाला सांगितलं नाही. कॉलेजची पिशवी कुकरशेजारी माळ्यावर ठेवून दिली. दोन दिवसांनी अण्णांनी विचारलं, "फॉर्म भरलास?" मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बसते." त्या दिवसापासून ते पारावर जायचे बंद झाले. आता वाटतं, आमच्याकडं 'पुढच्या वर्षी' म्हणून थांबलेल्या मुली मी किती पाहिल्या होत्या! त्यातली एकही पुढच्या वर्षी बसली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्या भागातल्या बायका भांगलण, म्हणजे पिकातलं गवत खुरपून काढणं, पैऱ्यानं करतात. म्हणजे आज सगळ्याजणी मिळून एकीच्या रानात, एकेकीनं खुरपायची एकेक पट्टी, म्हणजे पात, धरायची; उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, माझ्या रानात तू एक दिवस आलीस तर तुझ्या रानात मी एक दिवस यायचं. पैऱ्यात कुणाचे उपकार नसतात. उलट, फेडला नाही तर नाक कापलं जातं. त्या हंगामात शांताक्कांच्या रानात आमच्या घरचे दोन दिवस फेडायचे राहिले होते. शांताक्का शेजारच्या गल्लीतल्या, जैनांच्या घरातल्या, साठीच्या पुढच्या, सगळ्या टोळीच्या म्होरक्या. एका सकाळी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या हरभऱ्यात हाय भांगलण. तुमच्या घरची दोन माणसं यायची हायत बरं का."

आईला ताप होता, तिचं आणि म्हशींचं मी बघत होते. वहिनीचा चेहरा लाजेनं उतरला. "आक्का, मी आले असते वो. पण हिला कोण बघंल?"

"मी बघते."

"आन् तुमच्या रानात तुमीच न्हाई?"

"माझ्या रानात तू माझी पात धर, मी तुझ्या घरात तुझी धरते. पैऱ्यातच धर की. त्यात काय?"

नाही म्हणायला वहिनीला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन रानात गेली आणि शांताक्का आमच्या सोप्यात बसल्या. मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी एक ताटली घेतली. ती त्यांना फिरवता येईना. सतरा वेळा पडली. अनू आपली ताटली फिरवायची थांबली आणि पडलेल्या ताटलीकडं बघत बसली. शांताक्का मला हळूच म्हणाल्या, "बघ, मास्तरीण झाली माझी." संध्याकाळी वहिनी आली ती नखांत माती, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला, आणि हसत. टोळीत कुणीतरी काहीतरी चावट बोललं होतं, ते ती आईला सांगत होती. तिला हसताना बघून किती महिने झाले होते ते मला आठवेना.

शांताक्कांनी टोळीतली सगळी घरं स्वतःच पालथी घातली. आठवड्यानं निरोप आला, टोळीतल्या अकराजणी तयार आहेत, बुधवारपासून पैरा सुरू. मी माळ्यावरून पिशवी खाली काढली.

आणि बुधवारी सकाळी अकराच्या अकरा बायका एकदम आल्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पैरा म्हणजे सगळ्यांनी मिळून एका रानात उतरायचं, तेवढंच त्यांना माहीत होतं. एकेकीनं जायचं ही तर मजुरी झाली. अकराजणी, अकरा जोडवी-पैंजणं, बांगड्यांचा खळखळाट, कुणी शेंगदाण्याचा लाडू आणलेला, कुणी नातवाचा खुळखुळा. सगळ्या सोप्यात गोल करून बसल्या, मधे अनू. "ये गं बाय, ये!" म्हणून एकदम टाळ्या वाजल्या. अनूनं जी किंकाळी फोडली ती मी अजून विसरले नाही. ती कॉटखाली घुसली. हौसाबाई, मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची बाई, तिला बाहेर काढायला वाकली, तर अनूनं तिच्या हाताचा असा चावा घेतला की रक्त आलं. मग दिवे लागेपर्यंत ती कॉटखालीच होती. घसा बसेपर्यंत रडत होती. पापुद्रा नाही, पाणी नाही.

बायका एक-एक करून उठून गेल्या. वहिनी कॉटशेजारी जमिनीवर पडून होती. मला म्हणाली, "बास झालं. माणसं लागत्यात, व्हय ना? बघितली माणसं. आता पुन्हा कुणाला बोलवायचं न्हाई. आन् तू तुझ्या कॉलेजला जा, माझ्या पोरीपायी तुझं नुकसान नको." मी कॉलेजला गेले तर ती एकटी पडणार आणि नाही गेले तर तिला माझं ओझं होणार, असं ते होतं. फॉर्मला दोन दिवस राहिले होते. मी पिशवी पुन्हा वर ठेवली.

रात्री जेवणाच्या वेळी बाहेर कट्ट्यावर कुणाची तरी कुजबुज ऐकू आली म्हणून मी बाहेर गेले. शांताक्का, हौसाबाई आणि आणखी तिघी-चौघी अंधारात बसल्या होत्या, मयताच्या घरी बसावं तशा. हौसाबाईच्या हाताला हळद लावून चिंधी बांधली होती.

"लय दुखतंय का?" मी विचारलं.

"माझ्या म्हशीनं बी कधी येवढा जोर लावला न्हाई," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आगं, आमीच येड्या. अकरा बायका एकदम माझ्या अंगावर आल्या तर मी बी चावंन."

शांताक्कांनी मला जवळ बसवलं. "त्या सांगलीच्या बाईनं काय काय सांगितलंय, ते सगळं सांग. पयल्यापासनं. तू शिकल्याली हायस, वाचून दाखव. सकाळी तुला न विचारताच घुसलो, ते चुकलं."

मंजिरीताईंचं सांगणं लिहून घेतलेली वही मी आणली. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांना वाचून दाखवलं: एका वेळी एकच माणूस. आवाज हळू. आपण होऊन हात लावायचा नाही. तोंडाकडं बघ म्हणायचं नाही. वाट बघायची. वाट बघायची हे मी तीन ठिकाणी लिहिलं होतं. कॉलेजात तीन वर्षं नोट्स काढल्या, पण माझी वही कुणी इतक्या लक्षानं कधी ऐकली नव्हती. शेवटी हौसाबाई म्हणाली, "येवढंच? मग हे तर वासराचं बी असंच असतंय. नवं वासरू काय वढून जवळ येतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई एकटी आली. वहिनी दार अडवून उभी राहिली. हौसाबाईनं हात पुढं केले. सवाष्ण बाई बांगड्या उतरवत नाही, म्हणून तिनं त्या कोपरापर्यंत वर सारून लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधल्या होत्या. पायातली पैंजणं घरीच ठेवली होती. वहिनी बाजूला झाली. हौसाबाई सोप्याच्या उंबऱ्याशी अनूकडं पाठ करून बसली आणि सुपात तांदूळ निवडायला लागली. एक तास गेला. दीड तास. ती एकदाही वळली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. अनू कॉटखालून निघाली, भिंतीभिंतीनं आली, हौसाबाईच्या मागं बसली आणि आपला उजवा तळपाय तिच्या पाठीला लावला. नुसता टेकवून ठेवला. हौसाबाईचा तांदळातला हात थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पाठ हलू नये म्हणून ती ते पुसतही नव्हती.

त्या दुपारी वहिनीनंच माळ्यावर हात घालून माझी पिशवी खाली काढली. "जा," म्हणाली. "फॉर्म भरून ये."

मी शेवटच्या दिवशी फॉर्म भरला. त्यानंतर अकराजणी वार वाटून यायला लागल्या, सकाळी एक, दुपारी एक. त्यांच्या वाटणीचं रान वहिनी भांगलायची, कधी आई. मंजिरीताई एका रविवारी सांगलीहून आल्या, फरशीवर बसून प्रत्येकीला त्यांनी दाखवलं आणि जाताना मला म्हणाल्या, "मला माझ्या केंद्रात एवढी माणसं मिळत नाहीत." सगळं सरळ झालं असं नाही. एक-दोघींना जमलं नाही, त्यांनी कंटाळून सोडलं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोलही लावला नाही. अनूचं चावणं एकदम थांबलं नाही. ती बोललीही नाही. पण फेब्रुवारीत केव्हातरी तिला तहान लागली तेव्हा तिनं रडण्याऐवजी तांब्या आणून शांताक्कांच्या मांडीत ठेवला. शांताक्कांनी भरलेला तांब्या हातात धरून तिच्याकडं बघितलं, थांबल्या. अनूनं त्यांच्या हनुवटीला बोट लावलं. त्या दिवशी शांताक्का गावभर सांगत सुटल्या, "मला पाणी मागितलं तिनं! मला!"

आज मी साताऱ्यात असते. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांचा आमचा एक छोटा गट आहे, त्याचं काम बघते. कानशिलावर पांढरे केस आले. नवे पालक आले की घाबरून विचारतात, आम्ही काय करायचं? मी त्यांना आधी विचारते, तुमच्याकडं एकमेकांची कामं कशी करता? कुणी भिशी सांगतं, कुणी मुलांना आळीपाळीनं शाळेत सोडणं सांगतं. तिथून आम्ही सुरुवात करतो. अनू आता मोठी झाली आहे. मोजकं बोलते, तेही मनात आलं तर. भाकऱ्या मात्र आईपेक्षा गोल थापते. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र अण्णांनी सोप्यात लावलंय, देवांच्या तसबिरींपेक्षा वर. त्यावर माझं एकटीचंच नाव आहे, यानं मला अजूनही कधीकधी अवघडल्यासारखं होतं.

त्या वर्षीचा निकाल जूनमध्ये लागला. पास झाले, दुसऱ्या वर्गात. अण्णा पारावर जाऊन आले. आल्यावर मला म्हणाले, "आता पैरा फेड." म्हणजे माझ्याकडचा. परीक्षेच्या महिन्यात बायका सकाळ-दुपार दोन्ही वेळा जास्तीच्या बसल्या होत्या, ते दिवस माझ्यावर होते. मग आषाढात मी खुरपं घेऊन टोळीबरोबर जायला लागले. बी.ए. झालेली मुलगी भांगलायला आली म्हणून पहिल्या दिवशी नुसती टिंगल. "म्याडम, हे गवत हाय, हे पीक हाय. परीक्षेत येनार बरं का!" माझी पात कायम सगळ्यांच्या मागं. हौसाबाई आपली पात संपवून माझ्या पातीत दुसऱ्या टोकानं उलटी शिरायची आणि खुरपत मला भेटायला यायची.

शेवटचं रान शांताक्कांचं राहिलं होतं. भुईमूग होता, वीतभर वाढलेला, पिवळी फुलं नुकती लागलेली. दुपारी वहिनी आमच्या भाकऱ्या घेऊन आली, तर कडेवर नाही, बोटाला धरून अनू. ती रानात कधीच आली नव्हती. ओली माती पायाला लागलेली तिला सोसायची नाही. बायकांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. अनू बांधावर दिसली तसे सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. कुणी कुणाला खूण केली नाही. हात चालूच राहिले. तीही आमच्या हातांकडं बघत कितीतरी वेळ बांधावर उभी राहिली. मग तिनं वहिनीचं बोट सोडलं, एक पाय खाली टाकला, तोंड वेडंवाकडं केलं, दुसरा टाकला. चालत येऊन ती माझ्या आणि हौसाबाईच्या मधल्या मोकळ्या जागेत बसली, आमच्यासारखीच उकिडवी, आणि समोरचं रोप मुळासकट उपटलं.

भुईमुगाचं.

दुसरं उपटलं. तिसरं. प्रत्येक रोप नीट बाजूला ठेवत होती, मुळं एकीकडं, शेंडे एकीकडं. मी दचकून "अगं अनू, ते नको," म्हणत हात पुढं केला. हौसाबाई हसू दाबत म्हणाली, "आक्का, बघ गं, तुझा भुईमूग चालला!"

शांताक्कांनी मान वर करून बघितलं. मग पुन्हा खुरपं चालवायला लागल्या.

"चालू दे. हात लावू नगा कुणी. तिची पात हाय ती."

आम्ही आपापल्या पातीनं पुढं सरकत राहिलो आणि मधून अनू सरकत राहिली, आमच्याइतकीच सावकाश. बांधाला लागेपर्यंत ती उठली नाही. मागं वळून बघितलं तर आमच्या पातींत भुईमूग उभा होता आणि मधल्या एका पातीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसतं हिरवंगार गवत.